जीपचे तोंड वाकडे, पण दुखणे कुठे?

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण मागे टाकले आणि उजनीच्या फुगवट्याकडे वळले की उसाच्या फडांमधून एक कच्ची वाट एका वस्तीवर जाते. वस्तीसमोर पत्र्याची शेड आहे. शेडीत एका बाजूला कडबा, दुसऱ्या बाजूला ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि मधोमध एक जुनी जीप. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो तेव्हा जीपला नवा हिरवा रंग दिलेला होता. घरातली पाच-सहा माणसे तिच्याभोवती उभी होती आणि साऱ्यांची नजर एकाच जागी होती.

बॉनेट खाली सोडले की त्याचे तोंड पुढच्या जाळीवर सरळ बसत नव्हते. डावीकडे जाळीची कड अर्ध्या इंचाहून अधिक बाहेर डोकावत होती. उजवीकडे उलट, बॉनेटच जाळीच्या बाहेर लोंबत होते. बॉनेट दाबून धरायला दोन्ही मडगार्डांवर आकडे असतात. उजवीकडचा आकडा अडकवला तर डावीकडचा लागेना, आणि डावीकडचा ओढून लावला तर उजवीकडचा टणकन उडे.

घरातल्या आजोबांना सारी वस्ती आबा म्हणते. त्यांनी ही जीप १९७१ साली घेतली. पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. दुष्काळी कामावरची माणसे, आजारी म्हातारी, अडलेल्या बाळंतिणी, साऱ्यांना या जीपने दवाखान्यापर्यंत पोचवले. मग भीमेवर उजनीचे धरण झाले. १९८० च्या सुमाराला पाणी चढत चढत वर आले आणि भावकीची काळी जमीन त्याखाली गेली. जुने घर मोडून त्याचे वासे आणि दगड वरच्या अंगाला आणले ते याच जीपने. त्यानंतर काही वर्षे भिगवण-बारामती वडाप, आणि वडाप परवडेनासे झाले तेव्हा मासळी. धरणाने शेत नेले आणि मासे दिले, असे आबा म्हणतात. त्यात तक्रार किती आणि हिशेब किती, हे आम्हाला कळले नाही. मासळीचा धंदाही मुलाने पुढे टेम्पोवर नेला आणि जीप दहा-बारा वर्षे शेडीत उभी राहिली.

आता नातू पुण्याला नोकरीला आहे. जीपला पन्नास वर्षे होऊन गेली, तेव्हा तिची जुन्या ऐतिहासिक गाड्यांत नोंद करावी, आणि त्याआधी धाकट्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाला तिच्यातून मिरवावे, असे त्याच्या मनात आले. शहरातल्या एका गॅरेजात गाडी नेली. तिथे ठोकाठोक झाली, लांबी भरली गेली, रंग चढला. पंचवीस-तीस हजार रुपये गेले. आणि घरी आणून बॉनेट उघडले ते पुन्हा नीट बसेचना. "चासी गेली असंल, भंगारात घाला," असा सल्ला एका शेजाऱ्याने दिला. "बॉनेटला जरा हातोडा मारा, सरळ हुईल," असा दुसऱ्याने.

दोन्ही सल्ले न पाहता दिलेले होते.

एस. टी. च्या वर्कशॉपात उभा जन्म काढलेले एक मिस्त्री त्या दिवशी वस्तीवर आले. त्यांनी बॉनेटकडे एकदाच पाहिले आणि मग घरात आवाज दिला, "वहिनी, गवंड्याचा ओळंबा हाय का घरात? सुतळी, खडू, टेप आन् लेव्हलची नळी बी द्या." आम्हाला वाटले, हे जीप दुरुस्त करायला आले आहेत की खोली बांधायला! पण त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी एकही पाना हातात धरला नाही.

त्यांनी काय केले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. आपल्या भागात अशा कितीतरी जीपा शेडींतून उभ्या आहेत. कोणी त्या दुरुस्त करू पाहतो, कोणी विकत घेऊ पाहतो, आणि रंग पाहून पैसे मोजतो.

जीपची ठेवण आधी ध्यानात घ्यावी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी ही गाडी तयार झाली. स्वातंत्र्याच्या सुमाराला महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ती गाडी इथेच बनू लागली. उंच बॉनेटची जी छोटी जीप आपण ओळखतो तिचा अमेरिकेतला अवतार १९५३ सालचा. तिथे ती १९६८ मध्ये बंद पडली, आपल्याकडे मात्र पुढे कितीतरी वर्षे निघत राहिली. तिच्यात खाली लोखंडी चासी आणि वर पत्र्याची बॉडी अशा दोन वेगळ्या वस्तू असतात. दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या म्हणजे चासी. इंजिन, पाटे, स्टेअरिंगचा डबा सारे चासीला. बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली, मध्ये रबराच्या किंवा कॅनव्हासच्या जाड चकत्या. पुढची जाळी चासीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर उभी असते. मडगार्ड पुढे जाळीला आणि मागे बॉडीला धरलेले. बॉनेटची बिजागरी मात्र मागे, काचेच्या खाली, बॉडीवर असते.

म्हणजे बॉनेट मागच्या बॉडीचे ऐकते आणि जाळी पुढच्या चासीचे ऐकते. दोघांचे जमेनासे झाले की फट दिसते. ती दिसते पत्र्यावर, पण तिचे कारण पत्र्यात असेलच असे नाही. बैलगाडीचा साटा तिरका झाला तर वर कितीही चांगल्या फळ्या मारा, त्या चौकोनी बसत नाहीत, तसेच हे आहे.

मिस्त्रींनी तपास सुरू केला तो जमिनीपासून. शेडीसमोर सिमेंटचा कोबा होता. लेव्हलच्या नळीत पाणी भरून त्यांनी कोब्याचे चार कोपरे पाहिले, एका कोपऱ्याला थोडा उतार निघाला म्हणून जीप दीड हात मागे घेतली. चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, हवा सारखी आहे ना, हे पाहिले. एका चाकात हवा कमी असली तरी जीप त्या अंगाला कलते आणि माणूस चासीला दोष देतो. मग पाटे. दोन्ही पुढच्या पाट्यांची कमान सारखी आहे का, एखादे पान तुटले आहे का, यू-बोल्ट ढिले आहेत का. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे जड इंजिन ज्या जीपांत बसवले आहे त्यांचे पुढचे पाटे बहुधा बसलेले सापडतात. ही जीप मूळच्या पेट्रोल इंजिनावरच होती.

पाट्याच्या पोटात एक सेंटर बोल्ट असतो. तो एक्सलला पाट्यावर जागच्या जागी धरतो. तो तुटला की एक्सल एका बाजूने मागे किंवा पुढे सरकतो, गाडी तिरकी चालते आणि लोक म्हणतात चासी वाकली. हे दुखणे थोड्या खर्चात बरे होते, म्हणून ते आधी पाहावे. त्यासाठी चाके सरळ करून डाव्या बाजूला पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप लावावा, मग तसाच उजव्या बाजूला. या छोट्या जीपचे हे अंतर ऐंशी इंच, म्हणजे दोनशे तीन सेंटिमीटर असते. घरातल्या सूनबाईंनी टेपचे एक टोक धरले, नातवाने दुसरे. दोन्ही अंगांत एका सुताचाच फरक निघाला. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, हे सुतारकामाची माहिती असणाऱ्यांना सांगायला नको.

मग मिस्त्रींनी कोब्याच्या पुढच्या मातीवर पाणी शिंपडायला सांगितले आणि जीप सावकाश सरळ ढकलत नेली. या जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांची रुंदी जवळजवळ सारखीच असते, म्हणून सरळ गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्याच खुणेवरून जातात. खुणा दोनाच्या चार उमटल्या तर एक्सल तिरका आहे असे समजावे. इथे खुणा दोनच उमटल्या.

नातवाचा चेहरा उजळला. "म्हणजे चासी ठीक हाय ना, मिस्त्री? गॅरेजवाल्यानं व्हील अलाइनमेंट केली तेव्हा पण सगळं बरोबरच आलं होतं."

"चाकं ठीक हायती एवढंच कळलं," मिस्त्री म्हणाले. "चासीला अजून कुठं इचारलंय?"

इथेच पुष्कळांची फसगत होते. या जीपच्या पुढच्या पाट्याचा मागचा कान चासीला पक्का धरलेला असतो आणि पुढचा कान झुलत्या शॅकलवर असतो. त्यामुळे चासीचे पुढचे टोक थोडे बाजूला गेले तरी एक्सलची जागा फारशी हलत नाही. गाडी सरळ धावते, टायर झिजत नाहीत, चालवणाऱ्याला काही कळत नाही. टोकावर उभी असलेली जाळी मात्र त्याच्याबरोबर सरकते. अलाइनमेंटच्या कागदावर सारे बरोबर आणि बॉनेट वाकडे, असे घडते ते यामुळे.

आता ओळंबा निघाला. जीप पुन्हा कोब्यावर आणून चाकांना दगड लावले. चासीच्या दोन्ही दांड्यांवर एकसारख्या जागा असतात: पाट्यांचे बोल्ट, बॉडी धरणाऱ्या बोल्टांची भोके, मागच्या पट्टीचे रिव्हेट. अशी प्रत्येक जागा दोन्ही अंगांना निवडावी, तिथून ओळंबा सोडावा, आणि ओळंब्याचे टोक जिथे टेकेल तिथे कोब्यावर खडूने फुली मारावी. घाई करू नये. ओळंबा झुलायचा थांबेपर्यंत वाट पाहावी. डाव्या-उजव्या अशा पाच जोड्या झाल्या, म्हणजे दहा फुल्या. मग दगड काढून जीप मागे ढकलली. कोब्यावर राहिला तो चासीचा नकाशा, खडूने काढलेला. वर पत्रा नाही, रंग नाही, डोळ्यांना फसवणारे काही नाही.

या नकाशावर दोन गोष्टी पाहायच्या. एक, प्रत्येक जोडीचा मधला बिंदू काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत सुतळी ताणायची. चासी सरळ असेल तर सारे मधले बिंदू सुतळीखाली येतात. दुसरी गोष्ट, कर्ण मोजायचे. लागोपाठच्या दोन जोड्या मिळून एक चौकट होते. तिच्या डाव्या मागच्या फुलीपासून उजव्या पुढच्या फुलीपर्यंत, आणि उजव्या मागच्यापासून डाव्या पुढच्यापर्यंत, अशी दोन तिरकी मापे घ्यायची. ती सारखी हवीत.

कर्ण कशाला, असे कोणी विचारील. घरातली बाज आठवावी. एका कोपऱ्याला धरून ओढली की ती पतंगासारखी तिरपी होते. चारही दांड्या तेवढ्याच लांबीच्या राहतात, रुंदी मोजली तर तीच भरते. बदलतात ते फक्त दोन कर्ण, एक वाढतो आणि दुसरा आखडतो. जुन्या चासीला दोन सुतांचा, म्हणजे सहा मिलिमीटरांचा फरक चालवून घ्यावा. त्याहून अधिक निघाला तर तपास थांबवू नये.

मागच्या चौकटींचे कर्ण जुळले. मधले बिंदूही सुतळीखाली आले. पण सर्वांत पुढच्या चौकटीत उजव्या मागच्या फुलीपासून डाव्या पुढच्या फुलीपर्यंतचा कर्ण दुसऱ्यापेक्षा सहा सूत जास्त भरला. पुढच्या जोडीचा मधला बिंदू सुतळीच्या डावीकडे पडला, अर्ध्या इंचाहून थोडा अधिक. डावीकडे जाळी जेवढी डोकावत होती, जवळजवळ तेवढाच.

कोणी काही बोलले नाही. मिस्त्री खडू हातात घेऊन आबांजवळ जाऊन बसले. "आबा, ही कधी कुणी तिरकी ओढली व्हती का?"

आबा बराच वेळ सुतळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कालव्याच्या पल्याड रुतली व्हती एकदा. वडापाच्या टायमाला. दोन दिस पाऊस लागून राहिला व्हता. ट्रॅक्टर बांधावर उभा व्हता, डाव्या अंगाला. रानात उतरायला त्यो तयार न्हवता. बंपरला साखळी लावली आन् तिथनंच वडली." थोडे थांबून म्हणाले, "लय जोरानं वडली."

काळ्या रानात गाडी रुतली की आपल्याकडे असेच करतात. साखळी बंपरच्या एका टोकाला, ट्रॅक्टर तिरका, आणि चिखल चारही चाकांना धरून बसलेला. ती सारी ओढ चासीच्या पुढच्या दोन दांड्यांवर बाजूने येते. हे दांडे पुढून येणारा भार सोसतात, बाजूने येणारा सोसत नाहीत. ओढायचेच तर साखळी दोन्ही दांड्यांना सारखी बांधावी, ट्रॅक्टर गाडीच्या नाकासमोर आणावा, आणि आधी चाकांपुढचा चिखल फावड्याने काढावा.

आता गॅरेजातल्या कामाचाही उलगडा झाला. मडगार्डाचे बोल्ट धरून पाहिले तर भोके गोल नव्हती, घासून लांबट केलेली होती. जाळीखाली एका अंगाला तीन वायसर एकावर एक रचलेले, दुसऱ्या अंगाला एकही नाही. जुनी जीप विकत घेणाऱ्याने या खुणा जरूर शोधाव्यात. लांबट भोके, एकाच बाजूचे नवे बोल्ट, वायसरांच्या चळती. शिवाय खिशात एक लहान चुंबक ठेवावा. पत्र्यावर तो टचकन चिकटतो, लांबीचा थर जाड असला की धरत नाही. या जीपच्या डाव्या मडगार्डावर तो तीन ठिकाणी गळून पडला.

गॅरेजातल्या माणसाने लबाडीच केली असे आम्ही म्हणणार नाही. त्याला फट बुजवायला सांगितले होते, त्याने फट बुजवली. पण ताणून बसवलेला पत्रा ताण विसरत नाही. मिस्त्रींनी जाळीचे आणि मडगार्डांचे बोल्ट फक्त ढिले केले, तर सारा पुढचा भाग आपोआप डावीकडे सरकला आणि फट आणखी वाढली. हीही एक परीक्षाच. बोल्ट ढिले केल्यावर पत्रा जागेवर येत असेल तर दोष बसवण्यात आहे. आणखी दूर जात असेल तर दोष खाली आहे.

फटीच्या आकारावरूनही थोडा अंदाज येतो. फट मागे ठीक आणि पुढे जाता जाता एका अंगाला वाढत असेल, तर पुढचे टोक बाजूला गेले आहे. बॉनेट दोन्ही अंगांना सारखेच खाली बसत असेल, तर बॉडीखालच्या चकत्या दबल्या किंवा कुजल्या आहेत. एकच कोपरा खाली असेल, तर त्या कोपऱ्याची चकती किंवा तिथला पत्रा पाहावा. चासीला पीळ पडला आहे का हे पाहायला सुतारांची युक्ती चालते. दोन सरळ पट्ट्या दांड्यांवर आडव्या ठेवायच्या, एक पुढे, एक मागे, आणि समोरून एका डोळ्याने पाहायचे. दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत दिसल्या तर पीळ नाही.

या जीपच्या चकत्या उजव्या मागच्या अंगाला पार गेल्या होत्या आणि तिथला पत्रा बोटाने दाबला तरी पापडासारखा मोडत होता. ते मासळीचे काम. पेट्यांतून बर्फाचे पाणी वर्षानुवर्षे झिरपत राहिले, पत्र्याच्या घडीत साचत राहिले. भिगवणच्या बाजारात मासळीला लागलेली कोणतीही जुनी गाडी घ्यायची असेल तर आधी फरशीखाली हात घालावा.

पण खरी काळजी पुढेच होती. उजव्या दांड्यावर स्टेअरिंगचा डबा बसतो, आणि त्याच्या बोल्टांजवळ या जातीच्या जुन्या जीपांची चासी तडकते, हे मिस्त्रींना अनुभवाने माहीत होते. त्यांनी ती जागा तारेच्या ब्रशने साफ केली, वर डिझेल चोळले, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून काढले आणि चुन्याचा पातळ हात दिला. पूर्वी हे रॉकेलने करीत. चुना वाळला. तडा असला तर त्यात शिरलेले तेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या चुन्यावर काळसर रेघ उमटते. चहा पिऊन आम्ही परत आलो तेव्हा बोल्टाच्या भोकापासून खाली गेलेली बोटभर लांब रेघ स्पष्ट दिसत होती.

सूनबाई पटकन म्हणाल्या, "म्हणजे वरातीला ही बाहेर काढायची नाही."

"वरातीलाच न्हाय, शेडीच्या बी बाहेर न्हाय," मिस्त्री म्हणाले. स्टेअरिंगचा डबा चासीपासून सुटला तर चाक हातात फिरते आणि गाडी वळत नाही. वळणावर, माणसांनी भरलेली जीप असताना असे झाले असते तर काय झाले असते, हे कोणी बोलून दाखवले नाही. आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. वडापाच्या दिवसांत त्या जीपमध्ये किती माणसे बसत, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

इथे थोडे आडवळण घेतो. इंदापूर तालुक्याचे मोटारींशी नाते जुने आहे. ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी निघाल्या. पद्मिनी जपून ठेवलेली घरे आपल्या भागातही आहेत. पण त्या गाडीला वरची तपासणी जशीच्या तशी लागू करू नये. तिला वेगळी चासी नसते, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. तिथे बॉनेट बसेना तर दारांच्या फटीही पाहाव्यात, दार उघडून सोडले की ते खाली लोंबते का पाहावे, आणि पाटे व पुढच्या कमानी जिथे बॉडीला धरतात तिथला गंज आधी पाहावा. ओळंबा आणि कर्ण तिलाही चालतात, मापाच्या जागा मात्र बुडाखालच्या भोकांवर घ्याव्या लागतात. अँबॅसडरचेही तसेच.

संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. नातवाने विचारले, दुसरी चासी आणून तिच्यावर ही बॉडी चढवली तर? भंगारवाल्यांकडे जीपांच्या चासी मिळतात. दिसायला सोपा वाटणारा हा मार्ग अडचणीचा आहे. गाडीची ओळख तिच्या चासी नंबरावर असते, चासी बदलायची तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. आणि ज्या नोंदणीसाठी सारा खटाटोप चालला होता तिचा नियमच आडवा येतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. गाडी मूळ रूपात जपलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नको, अशी त्यात अट आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये ठेवली आहे. अशी नोंद झालेली गाडी प्रदर्शनात, जुन्या गाड्यांच्या फेरीत नेता येते, रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. हे शेवटचे आबांना नवीन होते. "मंग ती नुसती बघायचीच म्हनायची," ते म्हणाले. ज्यांना जुनी जीप शेतावर, बाजाराला नेहमी वापरायची आहे त्यांनी नेहमीचीच नोंदणी चालू ठेवावी. खासगी गाडीची पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन दर पाच वर्षांनी मुदत वाढवून मिळते.

शेवटी ठरले ते असे. मूळ चासीच सरळ करायची. त्यासाठी बॉडी उचलून बाजूला ठेवायची, इंजिन उतरवायचे आणि नागडी चासी मोठ्या गाड्यांची चासी ओढून सरळ करणाऱ्या कारखान्यात न्यायची. घरच्या घरी गॅसने लाल करून ठोकायची नाही, कारण तापवून मऊ झालेले लोखंड त्याच जागी पुन्हा वाकते. तड्याच्या टोकाला आधी लहान भोक पाडायचे, म्हणजे तडा पुढे पळत नाही, मग तो खणून भरायचा आणि आतून पट्टी द्यायची. या जातीच्या जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली असते. ती काढून लांब ठेवल्याशिवाय आणि बॅटरीची तार सोडवल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पाडायची नाही, हे मिस्त्रींनी नातवाकडून दोनदा वदवून घेतले. गाडी उचलायची ती नुसत्या जॅकवर नाही, खाली लाकडी ठोकळे रचून. चासी नंबरच्या जागेवर ब्रश, फाइल, वेल्डिंग काहीही चालवायचे नाही. आणि रंगाचे नाव सर्वांत शेवटी काढायचे.

खर्च किती? मिस्त्रींनी आकडा सांगायचे नाकारले. बॉडी उचलल्यावर आणखी काय निघेल ते आज कोण सांगणार, असे त्यांचे म्हणणे. हिरवा रंग वाया गेला तो गेलाच.

मुलीचे लग्न पौषानंतर झाले, नवरदेव भाड्याच्या गाडीतून मिरवला. मध्यंतरी आम्ही पुन्हा त्या वाटेने गेलो. पाणी उतरले होते, फुगवट्याच्या कडेला रोहित पक्ष्यांचे थवे चिखलात चोची घालून उभे होते. शेडीत जीपची बॉडी चार ठोकळ्यांवर ठेवलेली, बॉनेट भिंतीला टेकवलेले, चासी कारखान्यात गेलेली. आजी रोज सकाळी समोरचा कोबा खराट्याने घासून धुतात. पण त्या दहा फुल्यांपुरती जागा त्या कोरडीच ठेवतात. चासी परत आली की मिस्त्री तिथेच पुन्हा ओळंबा सोडणार आहेत.